मेण जाते, पितळ उरते

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची गोष्ट. देवाची उपकरणी चिंचेने घासून ओट्यावर निथळत ठेवली होती. त्यांतील घंटा कोणाचा तरी धक्का लागून खाली फरशीवर पडली. उचलून वाजवून पाहिली, तो तिचा नाद गेलेला. काठापासून वर दोन बोटे केसासारखी बारीक चीर गेली होती. घंटा दिसावयास पूर्वीसारखीच होती. वाजवली म्हणजे मात्र फुटक्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येई.

ही घंटा आमच्या आजीने किनवटच्या बाजारातून आणलेली. त्या काळी किनवट हे आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखाकडे गेले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. २०१४ पासून आम्ही तेलंगणाचे रहिवासी आहोत. राज्ये बदलली, दुकानांवरील पाट्यांची लिपी बदलली. देव्हारा आणि घंटा मात्र जागच्या जागी राहिली. म्हणून त्या तड्याचे आमच्या मातोश्रींना किती वाईट वाटले असेल याची कल्पना परप्रांती राहणाऱ्या आमच्या वाचकांस सहज यावी.

घरात दोन पक्ष पडले. चिरंजीवांचे म्हणणे, हैदराबादेस बेगम बाजारात तशा शंभर घंटा मिळतील. मोडीच्या दुकानदाराने वजन करून किंमतही सांगितली. मातोश्री ऐकेनात. अखेर उटनूरकडे नोकरी केलेल्या एका शिक्षकमित्राने सुचविले, "मोडीत घालण्यापूर्वी एकदा ओझा लोकांना दाखवा."

ओतणारी घरे

आदिलाबादहून गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली, उटनूर या वाटेने जैनूरकडे निघाले की सागाचे रान सुरू होते. हा गोंडांचा मुलूख. याच भागातील केसलापूर येथे पौष अमावास्येस मेस्राम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. याच भागातील मारलवाई येथे ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानवशास्त्रज्ञ १९४० नंतरच्या दशकात येऊन राहिला आणि त्याने राजगोंडांवर ग्रंथ लिहिला. मारलवाईस गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले तेव्हा गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली होती, हे आमच्या वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. या रानात आपली लिपी परकी नाही.

गोंडांच्या वस्तीला लागून काही खेड्यांत वोज किंवा ओझा या नावाने ओळखली जाणारी घरे आहेत. त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय पितळ ओतण्याचा. आपल्याकडे ज्यांना ओतारी म्हणतात त्यांच्याच जातीचे हे काम. गोंडांच्या देवकार्यातील घंटा, देवांच्या मूर्ती, दिवाळीच्या दंडारीत नाचणाऱ्यांच्या अंगावरील घुंगरे, बायकांचे दागिने, दिवे ही सर्व या लोकांनी पुरवावयाची. जैनूर मंडलातील उशेगाव आणि केसलागुडा ही या कामाची प्रसिद्ध गावे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि जैनूर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. तथापि या कारागिरीस नाव मिळाले ते आदिलाबादचेच. २०१८ साली 'आदिलाबाद डोकरा' या नावाने तिला भौगोलिक निर्देशांक लाभला. 'डोकरा' हा शब्द मूळचा पूर्वेकडचा, बंगालच्या बाजूचा. इकडे तो सरकारी कागदांबरोबर आणि प्रदर्शनांबरोबर आला.

आम्ही गेलो त्या घरी वेगळा कारखाना असा नव्हताच. अंगणाच्या एका कडेला जमिनीतील भट्टी, तिच्या बाजूस कोळशाचा ढीग, ओसरीवर वाळत घातलेले मातीचे गोळे आणि पलीकडे चुलीवर शिजणारा भात. धातूचे काम आणि घरकाम एकाच छपराखाली चाललेले. म्हातारे कारागीर बाहेर आले. त्यांनी घंटा हातात घेतली, नखाने वाजविली, कानाशी धरली आणि मातोश्रींना म्हणाले, "माय, डाग देता येतो. पण डागाची घंटा बोलत नाही. मोडून ओतली तर बोलंल."

"नाद तोच येईल का हो, बाबा?" मातोश्रींनी विचारले.

"तोच कसा येईल? माती नवी, मेण नवं. पितळ तेवढं तुमचं."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एवढ्या पितळात भागावयाचे नाही. पावशेर तरी पितळ वर लागेल. त्यांच्याजवळ मोड होती, पण देवाच्या घंटेत कोणाच्या घरची कोणती भांडी मिसळली जातील या विचाराने मातोश्रींनी नकार दिला. "आहे तेवढ्यातच बसवा," असे त्या म्हणाल्या. म्हातारबाबांनी मान हलविली आणि घंटा ठेवून घेतली. घंटा थोडी पातळ करून पाहू, असे ते म्हणाले.

मधमाशीचे मेण आणि वारुळाची माती

या पद्धतीला आपल्या जुन्या ग्रंथांत मधुच्छिष्टविधान असे नाव आहे. मधुच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात या कृतीचे वर्णन असून मेणाच्या किती पट धातू घ्यावा याचेही प्रमाण त्यात दिलेले आहे. हा तोच ग्रंथ, ज्यात मराठी भाषेचे फार जुने नमुने आढळतात. मोहेंजोदडो येथे सापडलेली जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकीची मूर्तीही मेण वितळवूनच घडविलेली होती. म्हणजे जैनूरच्या बाजूस ओसरीवर बसून ही माणसे जे करतात ते किमान चार हजार वर्षांचे काम आहे.

कृती ऐकावयास सोपी आहे. प्रथम वारुळाची चाळलेली माती आणि भाताचे तूस कालवून वस्तूच्या पोकळीचा गाभा करावयाचा. तूस यासाठी की भट्टीत ते जळून मातीत बारीक छिद्रे पडतात आणि वाफेला वाट मिळते. गाभा सावलीत वाळवावयाचा. उन्हात घाई केली तर तो तडकतो. मग मेणात राळ मिसळून, ते कोमट असताना त्याच्या शेवयांसारख्या तारा करावयाच्या आणि गाभ्यावर एकीला एक लावून गुंडाळावयाच्या. मोराचे डोळे, हत्तीची झूल, देवाच्या गळ्यातील माळ, सर्व काही या तारांचेच. ओतीव मूर्तीवर आपल्याला ज्या बारीक रेषा दिसतात त्या या मेणतारांच्या खुणा होत. हे काम घरातील बायका करतात आणि मुलेही बसल्या बसल्या हात लावतात.

मेणाची वस्तू तयार झाली की तिच्यावर अतिशय बारीक मातीचा पातळ लेप. वस्तूवरील रेघन्‌रेघ याच लेपात उमटते, म्हणून यात खडा राहिला तर काम बिघडले. तो वाळल्यावर जाड मातीचा दुसरा थर आणि वर धातू ओतावयाचे तोंड. मग हा गोळा भट्टीत तापवावयाचा. मेण पाझरून जाते आणि त्याच्या जागी नेमकी त्याच आकाराची पोकळी उरते. मुशीत वितळलेले पितळ त्या पोकळीत जाते. निवल्यावर गोळा फोडावयाचा. साचा एकदाच कामास येतो. म्हणून या लोकांनी केलेल्या दोन मूर्ती कधीही सारख्या नसतात.

पितळ किती लागेल याचा हिशेबही साधा आहे. मेण पाण्याहून किंचित हलके, तर पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड. तेव्हा एक तोळा मेणाला सुमारे नऊ तोळे पितळ हवे. मात्र वस्तूच्या मेणाबरोबर ओतण्याच्या वाटेचे मेणही मोजावे लागते, कारण त्या वाटेतही पितळ भरते आणि मागाहून कापून काढावे लागते. शिवाय पोकळीच्या वर धातूचा थोडा भार असल्याशिवाय तो कानाकोपऱ्यांत शिरत नाही. मातोश्रींना हा हिशेब त्या दिवशी ठाऊक नव्हता. आम्हालाही नव्हता.

जस्ताचा स्वभाव

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. शंभर भागांत बहुधा तीस ते चाळीस भाग जस्त. गंमत अशी की हे दोन सोबती स्वभावाने अगदी भिन्न. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि ९०७ अंशांना तर उकळून त्याची वाफ होते. म्हणजे पितळ पुरते पातळ होईपर्यंत त्यातील जस्त पळ काढण्याच्या तयारीत असते. मुशीच्या तोंडाशी हिरवट ज्योत आणि पांढरा धूर दिसू लागला की जाणता कारागीर ओळखतो, धातू तयार आहे, आता उशीर नको. त्याच्याजवळ उष्णतामापक नसतो. हा धूरच त्याचा मापक.

याच स्वभावामुळे शुद्ध जस्त जगाला फार उशिरा हाती लागले. खनिज तापवले की जस्त वाफ होऊन उडून जाई. ती वाफ बंद पात्रात धरून थंड करण्याची विद्या मोठ्या प्रमाणावर प्रथम साधली ती राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर येथे. तिथे वापरलेल्या मातीच्या नळ्यांचे ढीग आजही आहेत. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने या कामाचे पेटंट घेतले ते १७३८ साली. झावरचे काम त्याच्या काही शतके आधीचे.

तांबे आणि जस्त यांचे प्रमाण उलटे केले तर काय होते, हे पाहण्यास दूर जावयास नको. जुन्या हैदराबाद संस्थानातील आपला शेजारी बीदर. बिदरी कामाच्या धातूत सोळा भाग जस्तास एक भाग तांबे असा साधारण हिशेब असतो. हा धातू पितळेपेक्षा पुष्कळ कमी आचेवर वितळतो, त्यामुळे तो साध्या मातीच्या साच्यात ओतता येतो. मग त्यावर कोरून चांदी बसवितात आणि बीदरच्या किल्ल्यातील माती नवसागराबरोबर उकळून तिने तो काळा करतात. चांदी काळी पडत नाही, जस्त मात्र काळेभोर होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी लग्नात आलेली बिदरीची डबी असेल. ती डबी आणि देव्हाऱ्यातील समई या एकाच दोन धातूंच्या लेकी होत, हे किती जणांनी मनात आणले असेल?

आधुनिक कारखान्यांनीही जस्ताचा हाच गुण हेरला. १९२९ साली अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम व अल्प प्रमाणात इतर धातू घालून 'झमॅक' नावाचे मिश्रण काढले. ते चारशे अंशांच्या आतच वितळते. दाराच्या मुठी, कुलुपांचे भाग, गाड्यांचे कार्ब्युरेटर, मुलांच्या खेळातील मोटारी अशा किती तरी वस्तू त्यापासून होऊ लागल्या. यातील जस्त मात्र अतिशुद्ध लागते. त्यात शिशाचा अंश राहिला तर वस्तू काही वर्षांनी आतून फुगून, भेगा पडून चुरा होते. त्या काळच्या पुष्कळ खेळण्यांची अशीच गत झाली.

इतक्या कमी आचेचा धातू म्हटल्यावर हौशी मंडळींना घरी प्रयोग करण्याचा मोह होतो. आम्ही स्वतः शाळेत असताना जुन्या सेलांची जस्ताची टोपणे जमवून शेगडीवर वितळवीत असू आणि विटेत कोरलेल्या खाचेत ओतून भोवऱ्याच्या आऱ्या करीत असू. एकदा वीट ओली होती. पाण्याची क्षणात वाफ झाली आणि धातूचे शिंतोडे उडाले. उजव्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. पालकांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे: वितळलेल्या धातूजवळ पाण्याचा थेंब नको; जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्रा विस्तवात घालू नये; आणि पांढरा धूर छातीत घेऊ नये. त्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पितळ ओतणाऱ्यांचा तो जुना आजार आहे. ओतण्याच्या वेळी म्हातारबाबा वारा पाठीवर घेऊन उभे राहतात, ते का, हे आम्हास तेव्हा उमगले.

पहिले ओतकाम आणि दुसरे

पंधरा दिवसांनी बोलावणे आले. गोळा आमच्यासमोर फोडला. घंटेचा माथा उत्तम उतरला होता, कडीही सुबक होती. परंतु काठाशी एका बाजूस धातू पोहोचलेलाच नव्हता. उंदराने कुरतडावी तशी कड अर्धवट राहिली होती. कोणीही काही बोलले नाही. म्हातारबाबांनी तो तुकडा तागडीत घालून दाखविला. ओतण्याच्या वाटेत अडकलेले पितळ आणि धुराबरोबर गेलेले जस्त वजा जाता घंटेपुरता धातू उरलाच नव्हता. त्यांनी आरंभीच सांगितले होते आणि आम्ही ऐकले नव्हते. दोष कोणाचा हे उघड होते. त्यांनी मात्र एवढेच म्हटले, "माय, घरचंच काही असंल तर आणा."

परतताना गाडीत मातोश्री गप्प होत्या. घरी आल्यावर त्यांनी फळीवरून वडिलांचे फुलपात्र काढले. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. ते रोज सकाळी त्याच फुलपात्राने पाणी पीत. ते वितळवावे असे आम्ही कोणीही सुचविले नसते. चिरंजीव तर "आजी, राहू द्या, मी नवी घंटा आणतो" असे म्हणत अडवू लागले. त्या म्हणाल्या, "फळीवर नुसतं बसून आहे ते. घंटेत गेलं तर रोज हातात येईल."

दुसऱ्या खेपेस मेणाची घंटा पुन्हा नव्याने करावी लागली, माती पुन्हा वाळवावी लागली. एका घंटेसाठी दोनदा मेण, दोनदा कोळसा, दोनदा श्रम. दुसऱ्या वेळचे पैसे म्हातारबाबा घेईनात. आम्ही ते त्यांच्या सुनेच्या हाती दिले, कारण मेणाच्या तारा तिनेच लावल्या होत्या. संक्रांतीच्या आधी घंटा घरी आली. काठावर पूर्वी नव्हती अशी बारीक वेणी तिने आपण होऊन घातली होती.

नाद निराळा आहे. जुन्या घंटेपेक्षा किंचित खालचा, पण रेंगाळणारा. चार दिवस मातोश्रींनी ती वाजविलीच नाही, नुसती पुसून ठेवली. संक्रांतीच्या सकाळी मात्र आरतीच्या वेळी त्यांच्या हातात ती होती.

वजन आणि मजुरी

हा घरगुती प्रसंग लिहिण्याचे कारण आहे. भौगोलिक निर्देशांकाने या कामाचे नाव राखले जाते. दुसऱ्या कोणी यंत्रावर केलेल्या वस्तूस ते नाव लावू नये एवढा अधिकार मिळतो. गिऱ्हाईक मिळवून देणे हे त्या कागदाचे काम नव्हे. पितळेचा भाव चढतो, मधाचे मेण महाग म्हणून त्यात डांबरी मेण मिसळावे लागते, कोळसा सहज मिळत नाही. आणि वस्तू घेण्यास आलेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो, किलोचा भाव काय? मोडीच्या दुकानात शोभणारा हा प्रश्न जिने आठ दिवस मेणाच्या तारा लावल्या तिला विचारल्यावर तिच्या मुलाने हा धंदा का पुढे चालवावा?

दुसरी गोष्ट आपल्या घरातील पितळेची. स्टीलची भांडी आली तेव्हा आपण हंडे, परात, तपेली पोत्यांत भरून मोडीत दिली. उरलेली माळ्यावर आहेत. ज्यांस ती ठेवावयाची आहेत त्यांनी ती जरूर ठेवावी. आंबट पदार्थासाठी वापरावयाची झाल्यास कल्हई करून घ्यावी. ज्यांस ती नकोशी झाली आहेत त्यांनी मोडीच्या दुकानाआधी एखाद्या ओतणाऱ्या घराचा विचार करावा. आपल्याच पितळेचा दिवा, गणपती किंवा घुंगरू करून मागावे आणि मजुरी वेगळी द्यावी. धातू किती लागेल हे त्यांच्या तोंडून ऐकावे आणि ते सांगतील तेवढा द्यावा. एक सूचना मात्र पाळावी: जुन्या नळाच्या तोट्या आणि असले भाग त्यात मिसळू नयेत. त्यांत शिसे असते. शोभेच्या वस्तूस ते चालेल, खाण्यापिण्याच्या भांड्यास चालणार नाही.

आम्ही निघालो तेव्हा म्हातारबाबांचा नातू ओसरीवर बसून मेणाचा बैल करीत होता. बैलाची शिंगे त्याच्या मनासारखी वळत नव्हती. तीन वेळा काढून त्याने ती पुन्हा लावली. "हा शिकतो आहे का?" असे आम्ही विचारले. म्हातारबाबा म्हणाले, "सुट्टीत बसतो. पुढचं त्याचं तो पाहील." पुढच्या दिवाळीला आम्ही त्या घरी पाच निरांजने सांगितली आहेत. पितळ आमचे, मजुरी त्यांची. या खेपेस वजनाला पुरून उरेल एवढे पितळ आधीच नेऊन दिले आहे.